बिबा : वस्त्र, किंमत आणि नाव

कपड्यांच्या एका दुकानावर धर्मगुरूने समीक्षालेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वस्त्र हा विषय आपल्या प्रवचनपीठाला कधीच परका नव्हता. झग्याची लांबी आणि बाह्यांचे माप यांविषयी तेथून पुष्कळ बोलले गेले आहे. त्या वस्त्राची किंमत काय आणि ती कोण मोजतो, हा प्रश्न मात्र तेथे क्वचितच ऐकू आला. लंडनमधील 'बिबा' या दुकानाची कहाणी (१९६४ ते १९७५) मला या प्रश्नासाठीच महत्त्वाची वाटते. २०२४ साली तेथील फॅशन अँड टेक्स्टाइल म्युझियमने बिबावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले. अशा प्रसंगी वारशाची भाषा होते आणि त्या दुकानात वावरलेल्या प्रसिद्ध नटनट्यांची व गायकांची नामावळी म्हटली जाते. माझ्या मते वारसा त्या नामावळीत नाही. (आपल्या शहरांत याच नावाची जी दुकाने दिसतात ती मीना बिंद्रा यांच्या उद्योगाची. ते नाव पंजाबीतील लाडाच्या शब्दावरून आले आहे. लंडनच्या बिबाशी त्याचा संबंध नाही.)

बिबाच्या निर्मात्या बार्बरा हुलानिकी यांचा जन्म १९३६ साली वॉर्सा येथे झाला. त्यांचे वडील जेरुसलेममध्ये पोलंडचे वाणिज्यदूत होते. १९४८ साली लेही या सशस्त्र भूमिगत संघटनेने त्यांचे अपहरण करून त्यांना ठार केले. विधवा आई तीन मुलींना घेऊन इंग्लंडमध्ये ब्रायटनला आली. तेथे नात्यातील श्रीमंत सोफी आँटींचा आधार मिळाला, आणि त्या आधाराबरोबर त्यांची करडी शिस्तही आली. त्यांच्या जुन्या काळच्या वस्त्रांचे रंग पिकल्या जांभळासारखे, गंजासारखे, विटक्या गुलाबासारखे होते. मुलीला त्या वेळी ते मुळीच आवडत नसत. पुढे बिबाचे म्हणून जे रंग जगाने ओळखले, ते हेच 'आँटीचे रंग' होत. साठीचे दशक म्हटले की भडक, चकचकीत रंग डोळ्यांपुढे येतात. बिबाने त्याच दशकात तरुण मुलींना उदास रंग दिले आणि मुलींनी ते आनंदाने अंगावर घेतले. एका निर्वासित घराचे दुःख असे कापडात उतरले, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

१९६३च्या सुमारास हुलानिकीबाई आणि त्यांचे पती स्टीफन फिट्झ-सायमन यांनी टपालाने कपडे विकण्याचा छोटा उद्योग काढला. धाकट्या बहिणीच्या, बिरुताच्या, घरगुती नावावरून त्याला 'बिबा' म्हटले. मे १९६४मध्ये 'डेली मिरर' या दैनिकात गुलाबी-पांढऱ्या चौकड्यांच्या एका साध्या फ्रॉकचे चित्र छापून आले. सोबत त्याच कापडाचा रुमाल आणि किंमत पंचवीस शिलिंग. सतरा हजारांच्या आसपास फ्रॉक विकले गेले. मेरी क्वान्ट यांचे किंग्ज रोडवरील दुकान १९५५पासून प्रसिद्ध होते. परंतु तेथील वस्त्रे सामान्य टंकलेखिकेच्या ऐपतीत बसणारी नव्हती. बिबाने आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या मुलीला समोर ठेवले. सप्टेंबर १९६४मध्ये ॲबिंग्डन रोडवरील एका जुन्या औषधांच्या दुकानात बिबा उघडले. आत अंधुक उजेड, मोठ्या आवाजात संगीत, आणि कोट-टोप्या अडकवण्याच्या लाकडी खुंटाळ्यांवर लटकवलेले कपडे. मागे लागणारे विक्रेते नाहीत. गरीब माणसाला दुकानात शिरताना जो संकोच वाटतो, तो या काळोखाने घालवला. समीक्षकांनी या अंधाराला केवळ शैली मानले आहे; मला त्यात सौजन्य दिसते.

अर्थात हे गुणगान मर्यादेत ठेवले पाहिजे. बिबाच्या बाह्या इतक्या अरुंद असत की काखेत काचत. युद्धोत्तर टंचाईत वाढलेल्या किडकिडीत मुलींच्या अंगासाठीच ते बेतलेले होते. जिचे अंग तसे नव्हते, तिला दुकानात मुक्त प्रवेश असूनही वस्त्रात प्रवेश नव्हता. एका परीने हाही वगळण्याचाच प्रकार होय.

१ मे १९७१ रोजी केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरील बिबाच्या तळघरात 'अँग्री ब्रिगेड' नावाच्या गटाने बॉम्ब उडवला. जीवितहानी झाली नाही. त्यांच्या पत्रकाचा रोख असा, की झगमगत्या बुटिकांतील मुलींना एकाच साच्यात, जुन्या काळच्या पेहरावात नटवले जाते, आणि भांडवलशाहीला फॅशनमध्येसुद्धा मागेच जाता येते. हा दिवस कामगारांचा. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी तो श्रमिक संत योसेफाचा सण म्हणूनही नेमून दिला. आरोपात तथ्यांश होता. परंतु जिच्या नावाने हा राग व्यक्त झाला, ती शनिवारी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या कमाईने फ्रॉक घेणारी मुलगीच त्या दुकानात होती. तिला कोणी विचारले नाही. क्रांतिकारकाने तिला मूर्ख ठरवले आणि प्रवचनकाराने निर्लज्ज. दोघांनीही तिच्या सौंदर्याच्या भुकेला भूक मानले नाही.

पुढची गोष्ट ठाऊक असलेल्या वळणाने जाते. १९६९ साली 'डोरोथी पर्किन्स' या कंपनीने बिबात मोठा हिस्सा घेतला. १९७३मध्ये डेरी अँड टॉम्सच्या भव्य इमारतीत सात मजल्यांचे बिबा उघडले. गच्चीवर बाग आणि रोहित पक्षी, आत उपाहारगृह, काळ्या-सोनेरी वेष्टनांत किराणासुद्धा! पाहायला गर्दी लोटे. पण पाहणारे पुष्कळ आणि विकत घेणारे थोडे. त्याच वर्षी मालकी 'ब्रिटिश लँड' या जमीन-इमारतींच्या कंपनीकडे गेली, तेलसंकट आले आणि १९७५मध्ये दुकान बंद झाले. नावाचा हक्कही हुलानिकीबाईंकडे उरला नाही. २००६ साली 'बिबा'चे पुनरुज्जीवन झाले, त्यात त्यांचा सहभाग नव्हता. बहिणीचे घरगुती नाव बाजारात मालक बदलत राहिले. ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्या हाती अक्षरे आली. आँटीचे रंग आणि पंचवीस शिलिंगांचा विचार आला नाही.

स्वस्त आणि झटपट फॅशनचा विचार मात्र नावावाचूनच जगभर पसरला, आणि येथे समीक्षकाला कठोर व्हावे लागते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य युरोप-अमेरिकेसाठी कपडे शिवणारे कामगार होते. त्यानंतर आठवड्याभरात, पुन्हा १ मे रोजीच, पोप फ्रान्सिस यांनी महिना अडतीस युरोंच्या त्या वेतनाला गुलामगिरी म्हटले. याचा दोष ॲबिंग्डन रोडच्या छोट्या दुकानावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही बिबाविषयीच्या रूढ कथनात एक रिकामी जागा आहे. त्यात रेखाटन करणारीचे नाव येते, हिशेब पाहणाऱ्या पतीचे येते, फ्रॉक छापून आणणाऱ्या पत्रकार फेलिसिटी ग्रीन यांचे येते, विकत घेणाऱ्या प्रसिद्ध ग्राहकांची तर रांगच येते. ते सतरा हजार गुलाबी फ्रॉक कोणी शिवले आणि प्रत्येक फ्रॉकमागे त्यांना किती पेन्स मिळाले, हे त्या कथनात येत नाही.