‘विथ’ नक्की कोणाच्या बाजूने?

‘माय ग्रँडफादर फॉट विथ द ब्रिटिश.’ या वाक्यातले आजोबा बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते, की मराठा पलटणीतून इटलीत लढायला गेले होते? वाक्य कितीही वेळा वाचा, पत्ता लागत नाही. मराठीत ही पंचाईत होत नाही. इंग्रजांशी लढले ते एक आजोबा, इंग्रजांच्या बाजूने लढले ते दुसरे. इंग्रजीने मात्र दोघांना एकाच ‘विथ’च्या बाकावर बसवलंय. इंग्रजीतल्या सगळ्या चिमुकल्या शब्दांत मला हा सर्वांत रसाळ वाटतो. ‘ऑफ’ त्याच्याहून जास्त राबतो, ‘ऑन’ जास्त ठिकाणी हिंडतो. पण ‘विथ’ला एक पूर्वायुष्य आहे, आणि ते जरा लपवावं असंच आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विथ’चा ठळक अर्थ होता ‘विरुद्ध’. इसवी सन ८७१ मध्ये वेसेक्सचा राजा एथेलरेड आणि त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड डेन लोकांच्या फौजेला भिडले. अँग्लो-सॅक्सन बखरीत त्या लढाया नोंदवताना हाच शब्द येतो, आणि तिथे कोण कोणाच्या बाजूला होतं याबद्दल तिळमात्र शंका राहत नाही. सोबत सांगायची तर त्या काळी वेगळा शब्द हाताशी होता: ‘मिड’. जर्मन भाषेतला ‘मिट’ हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे मित्राला ‘मिड’ आणि शत्रूला ‘विथ’, असा चोख व्यवहार होता.

या जुन्या ‘विथ’चं मला आवडणारं रूप युद्धात नाही, औषधाच्या पोथीत आहे. ‘बॉल्ड्स लीचबुक’ हा दहाव्या शतकातल्या हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आलेला वैद्यकीचा ग्रंथ. त्यात नुस्ख्यामागून नुस्खा ‘विथ’नेच सुरू होतो. ‘विथ डोकेदुखी’ म्हणजे डोकेदुखीच्या विरुद्ध करायचा उपाय. आजच्या इंग्रजीच्या कानांनी ऐकलं तर औषध डोकेदुखीसकट घ्यायचं, असं वाटेल. आपण मराठीत ‘डोकेदुखीवर औषध’ म्हणतो. आपला ‘वर’ रोगाच्या छातीवर बसतो, त्यांचा ‘विथ’ रोगाच्या समोर उभा ठाकतो. अचानक उठणाऱ्या कळेवरचा एक प्रसिद्ध जुना इंग्रजी मंत्रही याच शब्दाने ओळखला जातो.

आता थोडं मुळाशी. ‘विथ’च्या पोटात जो ‘वि’ आहे, तो आपल्या ओळखीचा निघतो. वियोग, विरह, विच्छेद, विभाग यांतला संस्कृत ‘वि’ उपसर्ग आणि हा ‘वि’ एकाच आदिम भारोपीय मुळाचे मानले जातात. मूळ अर्थ: अलग, दूर. ऋग्वेदात ‘वितरम्’ असं क्रियाविशेषण येतं, ‘आणखी दूर’ या अर्थाचं. ‘विथ’चा पूर्वज त्याच घडणीचा. विरहातला ‘वि’ घेऊन जन्मलेला शब्द जगभर सोबतीचा शब्द म्हणून मिरवतो, यापेक्षा मोठा विनोद मला तरी इंग्रजी शब्दकोशात सापडलेला नाही.

शत्रूचा सोबती झाला कसा? याचं उत्तर जुन्या इंग्रजीतच दडलंय. तिथेही ‘विथ’ला निव्वळ वैर असा एकच अर्थ नव्हता. समोर, कडे, लगत, अशा अर्थछटा त्याला होत्या, आणि पुढच्या नामाची विभक्ती बदलली की त्याचा रोखही बदले. ज्याच्याशी झुंजायचं, त्याच्या जवळ जावंच लागतं. समोरासमोर आलेली दोन माणसं लगतही असतात. लगत असलेली एकत्र आहेत असं म्हणायला मग फार वेळ लागत नाही. त्यात नॉर्स लोक येऊन इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला स्थायिक झाले. त्यांच्या भाषेतही याच घराण्यातला एक शब्द होता, आणि तो ‘विरुद्ध’ आणि ‘सोबत’ दोन्ही अर्थांनी फिरत असे. ‘दे’ आणि ‘देम’सारखी सर्वनामं ज्यांच्याकडून इंग्रजीने बेलाशक उचलली, त्यांच्या ‘विथ’चं वळणही लागलं असावं, असं अभ्यासक मानतात. बाराव्या ते चौदाव्या शतकात हळूहळू ‘मिड’ मागे पडला आणि संपला. विरोधाची जागा ‘अगेन्स्ट’ने घेतली. जर्मन भाषेने मात्र ‘मिट’ आणि ‘विडर’ दोन्ही सांभाळले, स्वीडिश भाषेत आजही ‘मेद’ आणि ‘वीद’ शेजारी नांदतात. घरातला सोबती हाकलून वैऱ्याला त्याची जागा देण्याचा प्रकार इंग्रजीनेच केला.

‘मिड’ अगदीच निर्वंश झाला असं नाही. ‘मिडवाइफ’मध्ये तो टिकून आहे. ‘वाइफ’ म्हणजे इथे बायको नव्हे, जुन्या अर्थाने नुसती बाई; बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई, म्हणजे आपली सुईण. (‘मिडडे’मधला ‘मिड’ वेगळ्या घराण्याचा, तो आपल्या ‘मध्य’चा नातलग.)

वैरी ‘विथ’ही गेला नाही, फक्त क्रियापदाच्या पुढे जाऊन बसला. रसिकाने इथे थांबावं. ‘स्टँड विथ’ म्हणजे पाठीशी उभं राहणं. तेच दोन तुकडे उलटे जोडा, ‘विथस्टँड’, की अर्थ होतो समोर उभं राहून टक्कर देणं. ‘होल्ड विथ’ म्हणजे एखाद्या मताशी सहमत असणं, ‘विथहोल्ड’ म्हणजे हात आखडता घेणं. ‘ड्रॉ विथ’ म्हणजे सामना बरोबरीत सोडवणं, ‘विथड्रॉ’ म्हणजे मैदानातून अंग काढून घेणं. अक्षरं तीच, क्रम बदलला की मधली हजार वर्षं पुसली जातात. नामाच्या आधी उभा असलेला ‘विथ’ मवाळ झाला, पण क्रियापदाला चिकटलेल्या ‘विथ’ला ती बातमी कोणी कळवलीच नाही.

‘विदाउट’ची कथा त्याहून लाघवी. मूळ अर्थ ‘बाहेर’. ‘शिवाय’ हा अर्थ नंतर वरचढ झाला. जुन्या लंडनच्या तटाबाहेरचे भाग अजून ते नाव मिरवतात. फॅरिंग्डन वॉर्डाची १३९४ मध्ये वाटणी झाली, ‘फॅरिंग्डन विदिन’ आणि ‘फॅरिंग्डन विदाउट’. ‘सेंट बॉटॉल्फ विदाउट बिशप्सगेट’ हे चर्चचं नाव नवख्याला कोड्यासारखं वाटतं: बिशप्सगेट नसलेला संत? पण अर्थ साधा आहे, वेशीबाहेरचं चर्च. सेसिल फ्रान्सेस अलेक्झांडर यांच्या १८४८ च्या प्रसिद्ध प्रार्थनागीतातली टेकडीही अशीच शहराच्या तटाच्या ‘विदाउट’ आहे, आणि इंग्रज मुलांच्या पिढ्या विचारत आल्या की टेकडीला तट कशाला लागतो?

‘कोप विथ’ हा आजकाल फार चालणारा प्रयोग. समुपदेशकांपासून परीक्षेला बसलेल्या मुलांच्या आयांपर्यंत सगळे तो वापरतात. त्यातला ‘कोप’ जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ ठोसा देणं, घाव घालणं. ‘कोप विथ’ म्हणजे एकेकाळी प्रतिपक्षाशी हाणामारी करणं. आता त्याचा अर्थ कसंबसं निभावून नेणं. ‘पार्ट विथ’, ‘ब्रेक विथ’ यांमध्ये तर मुळातला वियोग उघड्यावर दिसतो. सोबतीचा शब्द वापरून लोक एकमेकांना सोडून जातात.

आपण फार हसू नये. मराठीचा ‘शी’ याच वळणाचा आहे. भांडण त्याच्याशी, मैत्री त्याच्याशी, लग्नही त्याच्याशी. शिवाय व्याकरणात ‘ने’ आणि ‘शी’ दोघेही तृतीयेचे प्रत्यय. म्हणजे सुरीने भाजी चिरणं आणि शेजाऱ्याशी बोलणं एकाच विभक्तीत. इंग्रजीतही या दोन्ही कामांना ‘विथ’च लागतो. फरक इतकाच की आपल्याकडे लढाईत बाजू सांगायची वेळ आली की ‘बरोबर’, ‘बाजूने’, ‘विरुद्ध’ असे शब्दयोगी मदतीला धावून येतात, आणि आजोबांची इभ्रत वाचते.

इंग्रजीत जुना ‘विथ’ आजही सर्वांत डौलात ऐकायचा असेल तर कोर्टात जावं. लंडनचं असो की आपलं मुंबईचं हायकोर्ट, वकील जेव्हा ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणतो तेव्हा आदर असतोच. पण पुढचं वाक्य न्यायमूर्तींच्या मताविरुद्ध असणार हे मागच्या बाकावरच्या ज्युनियरलाही कळतं. ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणजे तुम्ही चुकताय. आणि ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ म्हटलं, की वकिलाने अपिलाचा मसुदा मनातल्या मनात सुरू केला असं समजावं.