बैठकीतील द्वितीय पुरुष

एखाद्या गायकाची ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे ऐकली म्हणजे त्याचे गाणे आपणास कळले, अशी समजूत सर्वत्र आढळते. भाषाभ्यासकाची समजूत याहून फारशी वेगळी नाही. ध्वनिफितीवर उतरलेले बोलणे म्हणजेच बोलणे असे मानून आम्ही त्याचे लेखन करतो, विराम मोजतो आणि त्यांवरून नियम बसवितो. या गृहीतकाविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात जी शंका उत्पन्न झाली, तिचे मूळ ग्रंथवाचनात नसून नाशिक येथील एका बैठकीत आहे. त्या शंकेची छाननी करणे, हा या लेखाचा हेतू होय.

प्रसंग असा. एका हिवाळ्यात गोदाकाठच्या एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात गाणे झाले. श्रोते चाळीसच्या आसपास, ध्वनिक्षेपक नव्हता, गायक आणि पहिली रांग यांच्यामध्ये दोन हातांचे अंतर. गायकाचे नाव येथे देत नाही, कारण हे त्या बैठकीचे परीक्षण नव्हे. गेली वीस वर्षे त्यांच्या ध्वनिमुद्रणांवर माझा कान पोसला आहे आणि प्रत्यक्ष गाणे मात्र त्या दिवशी प्रथमच ऐकावयास मिळाले, एवढे सांगणे पुरे. दिवस मावळता मावळता त्यांनी मारवा आरंभिला.

मारव्यात पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि ऋषभ व धैवत यांचे प्राबल्य एवढे की, षड्जावर येणे गायक पुनःपुन्हा लांबणीवर टाकतो. तंबोरा षड्ज ऐकवीत असतो आणि गायक त्याच्या भोवती फिरत राहतो. याच रागाचे याच गायकाचे एक ध्वनिमुद्रण माझ्या नित्य ऐकण्यातले आहे. त्यात षड्जावर येण्यापूर्वी धैवतानंतर एक दीर्घ थांबा येतो. विरामाचे प्रकार शिकविताना तो मी वर्गात मोजूनही दाखविला होता. माझ्या टिपणवहीत त्याची नोंद ‘मौन’ अशी आहे.

वाड्यातील बैठकीत तीच जागा आली. गायक धैवत घेऊन थांबले. पहिल्या रांगेतील एका वृद्ध श्रोत्याच्या मुखातून अगदी हलका असा ‘हं’ निघाला. गायकांनी त्यांच्याकडे पाहिले, किंचित स्मित केले आणि षड्जावर न येता ते पुन्हा ऋषभाकडे वळले. दुसऱ्यांदा धैवत आला तेव्हा खोलीत कोणी हालेना. तबलजींनीही ठेक्याचे वजन उतरविले. तिसऱ्या खेपेस षड्ज लागला, तेव्हा चाळीस माणसांनी सोडलेला श्वास स्पष्ट ऐकू आला. माझी चूक मला तेथे कळून आली. ज्याला मी मौन म्हणून मोजले होते, ते गायकाने उत्तरासाठी मोकळे ठेवलेले स्थान होते. ध्वनिमुद्रणाच्या बंद कक्षात उत्तर देणारा कोणी नव्हता, म्हणून ते स्थान रिकामे राहिले आणि माझ्या वहीत मौन म्हणून नोंदले गेले.

या ‘हं’चे स्वरूप काय? आपल्या घरांतून आजी गोष्ट सांगते तेव्हा ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा असा संकेत आहे. हुंकार थांबला की आजी विचारते, “झोपलास का रे?” आणि गोष्ट तेथेच थांबते. पोवाड्यात झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ला याच संकेताचे नियमबद्ध रूप मानता येईल. आशय सांगण्यापेक्षा परस्परसंपर्क राखणे हेच ज्याचे कार्य, अशा भाषाव्यवहाराकडे मालिनोव्हस्की यांनी १९२३ साली लक्ष वेधले, आणि हुंकाराची गणना बहुधा त्याच सदरात केली जाते. तथापि बैठकीतील हुंकाराला हे सदर पुरत नाही. त्या वृद्ध गृहस्थांच्या एका अक्षराने पुढच्या स्वरवाक्याची दिशा बदलली. संपर्क राखण्यापलीकडचे, रचनेत भाग घेण्याचे कार्य त्याने केले.

येथे पुरुषविचार उपयोगी पडतो. बेन्व्हेनिस्त यांनी १९४६ साली असे प्रतिपादन केले की ‘मी’ आणि ‘तू’ हे परस्परांत पालटणारे आहेत. आता जो ‘तू’ आहे तोच पुढच्या क्षणी ‘मी’ होऊ शकतो. ‘तो’ मात्र संभाषणाच्या बाहेरचा. त्याच्याविषयी बोलता येते, पण त्याला उत्तर देता येत नाही. हा भेद गायनास लावला तर असे म्हणता येईल की लहान बैठकीतील श्रोता हा द्वितीय पुरुष असतो. समेवरची ‘वा’ सर्वांची असते; परंतु आवर्तनाच्या मध्यावर, मुखडा येण्यापूर्वी जी दाद पडते ती गायकाला ‘पुढे काय ते मी ओळखले’ असे सांगते, आणि मग ते ओळखलेले तसेच द्यावे की चुकवावे, हा निर्णय गायकाच्या हाती राहतो. मोठ्या सभागृहात दिव्यांच्या झोतामुळे गायकाला समोर अंधार दिसतो. तेथील टाळ्या खऱ्या असतात, पण त्या गाणे संपल्यावर येतात.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी ही उणीव एका चमत्कारिक रीतीने प्रकट झाली आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांची ध्वनिमुद्रणे झाली, त्यांत गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारतात. तबकडी ज्या दूरच्या कारखान्यात तयार व्हावयाची तेथे गायिका कोण हे कळावे, असा त्यामागील व्यावहारिक हेतू सांगतात. तो मान्य करूनही एक गोष्ट उरते. समोरच्या माणसाला आपले नाव सांगण्याचा प्रसंग बैठकीत कधी येत नाही. द्वितीय पुरुष नाहीसा झाला, तेव्हा प्रथम पुरुषाला आपली ओळख स्वमुखाने द्यावी लागली. या क्रमाचे टोक म्हणजे केसरबाई केरकर यांची भैरवी. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ती अंतराळात गेली आणि अद्यापही प्रवासात आहे. तिचा श्रोता कोण, हे कोणीही सांगू शकणार नाही.

यावर आक्षेप येईल की त्याच भैरवीने घरी एकट्याने ऐकणाऱ्याचेही डोळे भरून येतात. मग उणीव ती कोणती? आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर असे की, केसरबाईंची गायकी उत्तर देणाऱ्या श्रोत्यांसमोर घडली, आणि ती सवय तबकडीच्या अवघ्या साडेतीन मिनिटांतही त्यांच्या गळ्यात टिकून आहे. आपण एकटे असताना त्या हरवलेल्या श्रोत्याच्या जागी बसतो. म्हणून ध्वनिमुद्रण निरुपयोगी ठरत नाही. मात्र ते अर्ध्या संभाषणाचे लेखन आहे, हे विसरून चालत नाही.

याहून गंभीर आक्षेप नाशिकच्या इतिहासातूनच निघतो. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतले गाणे सर्वसामान्यांपुढे आणले. पुढे याच नगरीत आश्रम स्थापून ते राहिले. १९३१ साली ते निवर्तले. त्याच सुमारास, २ मार्च १९३० रोजी, पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. ज्या गावात देवाचे दारही बंद होते, त्या गावातील लहान खोलीचा गौरव करताना तिच्या उंबरठ्यावर कोण अडले, हे विचारलेच पाहिजे. ‘जाणकार’ हा शब्द तेव्हा अनेकदा जातीने आणि संपत्तीने ठरत असे. कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रियांना बैठकीत स्थान नव्हते, आणि बैठकीत गाणाऱ्या स्त्रियांना त्या घरांत मान नव्हता. पलुस्करांच्या जलशाने श्रोत्याला पहिल्या रांगेतून दूर नेले असेल. पण ज्यांना कोणतीच रांग नव्हती त्यांना त्याने आत घेतले. हा लाभ उणीव मोजताना वजा करता येणार नाही.

तेव्हा लहान बैठकीचे मर्म तिच्या निवडक श्रोतृवर्गात शोधणे चुकीचे ठरेल. ते अंतरात आहे: श्रोत्याचा हुंकार गायकापर्यंत पोहोचावा आणि पुढचा स्वर त्याने बदलू शकावा, एवढे अंतर. हे अंतर राखूनही दार उघडे ठेवता येते. त्या वाड्याचे दार उघडे होते. मला निमंत्रण नव्हते. मी चपला काढून आत जाऊन बसलो.

राहता राहिला माझ्या टिपणवहीतील ‘मौन’ हा शब्द. तो मी खोडला आहे आणि त्याजागी ‘उत्तराची जागा, श्रोता अनुपस्थित’ असे लिहिले आहे. बोलींची ध्वनिमुद्रणे घेऊन काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना माझी एवढीच सूचना आहे की, बोलणाऱ्याचे वय, गाव आणि शिक्षण यांच्या नोंदीबरोबर आणखी एक रकाना ठेवावा: त्या वेळी समोर कोण बसले होते, आणि ते ‘हं’ म्हणत होते काय.