मडक्यावरची होडी आणि तिचा नावाडी

इनामगावला सापडलेल्या एका रंगीत भांड्यावर होडी काढलेली आहे. साध्या रेषांची, लांब वल्ह्यांची. भांडे दफनातले आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामात एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण निघाला. त्यात एका प्रौढ पुरुषाला बसवून पुरले होते. होडीचे भांडे त्याच्या सोबतीचे.

दफन आणि होडी एकत्र दिसली की मराठी मनाला वैतरणी आठवते. ग्रीक कला पाहिलेल्या वाचकाला कॅरॉन आठवेल. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्समध्ये पांढऱ्या लेपाच्या उभट तेलकुप्या थडग्यापाशी ठेवीत. त्यांतल्या काहींवर मृतांना पलीकडे नेणारा हा नावाडी होडीत उभा दिसतो. कधी हर्मिस देव मृताला त्याच्यापर्यंत पोचवतो. मग इनामगावची होडीही त्याच प्रवासाची, असे म्हणायला कितीसा वेळ लागतो? माझा आक्षेप याच घाईला आहे.

ग्रीक चित्र वाचता येते, कारण ते वाचायची साधने त्याच समाजाने मागे ठेवली आहेत. इसवी सनापूर्वी ५४०-५३०च्या सुमारास एक्सेकियासने केलेला, आज व्हॅटिकनच्या संग्रहात असलेला रांजण घ्या. दोन योद्धे भाले न सोडता, पटावर वाकून खेळत आहेत. त्यांच्याशेजारी अकिलीस आणि एजॅक्स ही नावे लिहिलेली आहेत. एकाच्या तोंडी ‘चार’, दुसऱ्याच्या तोंडी ‘तीन’ हे शब्दही आहेत. हा खेळ होमरच्या ‘इलियड’मध्ये कुठेच नाही. तरीही ट्रॉयच्या युद्धात दोघे मरणार, त्यातला एजॅक्स स्वतःच्या तलवारीवर पडणार, हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून तो निवांत खेळ काळजाला लागतो. ती कथा चित्रकाराइतकीच पाहणाऱ्यानेही आणलेली असते.

इनामगावचा पाहणारा आपल्यापर्यंत पोचलेला नाही. लिपी नाही, नाव नाही, गीत नाही. जोर्वे संस्कृतीची भांडी चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली. तांबड्या लेपावर काळी नक्षी. ती नक्षी बहुतेक भौमितिक आहे: तिरप्या रेषा, जाळी, चौकटी. त्यात होडी विरळा, म्हणूनच तिचा मोह मोठा.

त्यातून इनामगावचीच दुसरी साक्ष या वाचनाच्या आड येते. तिथे मृतांना दूर स्मशानात नेत नसत. घराच्या जमिनीखाली, अंगणात पुरत. अनेक प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. मृताने उठून चालू नये यासाठी तसे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो मान्य केला, तर ज्यांना मृत माणूस घरातच राहायला हवा होता त्यांनी त्याला पैलतीरी जायला होडी का द्यावी? दोन्ही समजुती एका गावात नांदू शकतात, हे खरे. पण मग ते दाखवून द्यायला हवे. गृहीत धरून चालणार नाही. रांजणातला माणूस नदीशी जोडलेला कुणी असेल आणि होडी त्याच्या जगण्यातली असेल, हा साधा पर्यायही तितकाच उभा राहतो.

लोह्याकडे, लातूर-नांदेडच्या या शिवारात, मला याचा जिवंत दाखला दिसतो. मार्गशीर्षात वेळा अमावस्येला आंबिलाचे मातीचे बिंदगे चुन्या-कावाने रंगवून शेतात नेतात. कडब्याच्या खोपीत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. महाभारत तिथे हजर असते, पण बिंदग्यावर पांडव नसतात. असतात नुसते पट्टे आणि ठिपके. तीन हजार वर्षांनी कुणी ते बिंदगे उकरले, तर त्याला नक्षी मिळेल, पांडव मिळणार नाहीत. उलट ठिपक्यांत त्याने चांदण्या पाहिल्या आणि त्यावरून आपला धर्म ठरवला, तर आपण हसू. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने भरलेल्या घागरीवर तर काहीच काढलेले नसते. कथा आपल्याकडे बहुधा भांड्याच्या भोवती असते: हातात, तोंडी, तिथीत. भांडे उरते, ते सारे विरून जाते.

आपल्या खापरांना ग्रीकांची पुराणे चिकटवून त्यांची किंमत वाढत नाही. वैतरणी चिकटवूनही नाही. ते शब्द पुष्कळ नंतरचे. इनामगावच्या माणसांनी त्यांच्या मृताशेजारी होडी ठेवली, एवढे निश्चित आहे, आणि एवढेही थोडे नाही. नावाडी आपण बसवू नये. ती जागा त्यांची आहे.