उशिरा आलेली दाद

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जामखेडच्या संगीतबारीत तो पेटी वाजवीत असे. अलीकडे पेटीच्या जोडीला की-बोर्ड आला आहे. वर्गात हा पोरगा बाक बडवी म्हणून मी त्याला किती वेळा उभे केले असेल, त्याची गणतीच नाही. फराळाची बशी बाजूला सारून त्याने मोबाइल माझ्या हाती दिला आणि म्हणाला, “सर, हे ऐका. कोणाचे आहे ते आधी विचारू नका.”

ऐकू लागलो. खाली एकसारखा, न थकणारा ठोका. त्याच्यावर खर्जात घुमत, घसरत जाणारे एक आवर्तन. आणि त्याही वर मालकंसाचे ओळखीचे स्वर. कुणा आजकालच्या विलायती पोराची ही करामत असावी, असे मी म्हटले. तो हसला. “सर, हे १९८२ सालचे आहे. मुंबईतले.”

त्या तबकडीचे नाव ‘सिंथेसाइझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, वादक चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले हे एक वादक. गिटार वाजवायचे, लग्नसमारंभांतही वाजवायचे. ज्यांचे वादन घराघरांत पोचते आणि नाव मात्र कुठेच पोचत नाही, अशांपैकी ते एक. तो काळ डिस्कोचा होता. ‘कुर्बानी’ १९८० साली येऊन गेला होता, ‘डिस्को डान्सर’ १९८२ सालीच आला. सगळेच हा ठेका वाजवीत आहेत, तर आपण त्यावर राग का वाजवू नयेत, एवढाच साधा विचार या गृहस्थांच्या मनात आला. जपानी बनावटीची तीन यंत्रे त्यांनी जुळविली : एक सुरांचे, एक खर्जाचे, एक ठेक्याचे. ललत, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती असे दहा राग त्यांनी सुमारे पाच-पाच मिनिटांत बसविले. एचएमव्हीने तबकडी काढली. ती खपली नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना तो पोरखेळ वाटला असेल आणि नाचणाऱ्यांना त्यात गाणे सापडले नसेल. विषय तिथेच संपला.

पुढे २००२ साली एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. मग एकच गवगवा झाला. कारण तेच खर्जाचे यंत्र अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी जुन्या बाजारातून स्वस्तात उचलले होते आणि १९८७ साली त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत जन्माला आले होते. मुंबईच्या वादकाने त्याच्या पाच वर्षे आधीच ही वाट तुडविली होती! काहींना तर ही कुणीतरी मुद्दाम रचलेली थट्टाच वाटली. उतारवयात चरणजित सिंगांना युरोपात वाजविण्याची निमंत्रणे आली. २०१५ साली ते वारले.

गोष्ट गोड आहे. परंतु ‘अमुकाच्या आधी केले’ हा काही कलाकृतीचा गुण होऊ शकत नाही. ती पंचांगातली नोंद झाली. शिकागोत पुढे काही घडलेच नसते, तर ही तबकडी टाकाऊ ठरली असती काय? खरा प्रश्न हा आहे की, ती आज ऐकावी का.

आधी उणे सांगतो. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. पण भूपात मान गंधाराचा आणि देशकारात धैवताचा. हा मान राखायला जी सवड लागते, ती डिस्कोचा ठोका देत नाही. यंत्राच्या चौकटीतही घरे सोळाच, पण आपल्या त्रितालाला नवव्या मात्रेवर खाली आहे. तिथे ताल जरा श्वास घेतो. हे यंत्र श्वास घेत नाही.

आणि तरीही ही तबकडी मी पुनःपुन्हा ऐकली. याचे कारण ते खर्जाचे यंत्र. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथ मिळावी म्हणून ते बनविले होते आणि बाजारात ते साफ पडले. पण त्याला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येते. पेटीला जी मींड कधी साधली नाही आणि जिच्या अभावी आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे पेटीला दार बंद ठेवले, तिची पुसट का होईना, चाहूल या डबीत आहे. ती चाहूल हेरायला मालकंस कानात मुरलेलाच माणूस हवा. दुसरे असे की, ते अखंड फिरणारे आवर्तन हळूहळू तंबोऱ्याचे काम करू लागते. आपण ठोका विसरतो आणि त्या घुमण्यात बसून राहतो. सांजवेळी दिवे लागताना यमन लावून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजविणाऱ्या माणसाने एकदा स्वतःच्या मनाचे काही केले आणि आपण त्याला कोणत्या खणात ठेवावे ते न कळल्याने ते ठेवलेच नाही. खण दाखवायला परदेशातून माणूस यावा लागला. दोष इतरांना कशाला देऊ? मी स्वतः मास्तर आहे. बाक बडवणे हा शिस्तीच्या वहीतला गुन्हा, एवढेच मला ठाऊक होते.

निघताना मी त्या विद्यार्थ्याला विचारले, “तू स्वतःचे असे काही बसवले आहेस का रे?” तो गडबडला. मग म्हणाला, “आहे थोडे. पण सर, तुम्हाला नाही आवडायचे.”

येत्या पाडव्याला की-बोर्ड घेऊन ये, असे मी त्याला बजावले आहे. आवडेल की नाही कोण जाणे. पण या वेळी त्याला उभे करणार नाही. मीच समोर बसून ऐकणार आहे.