कासवाचे पिलू आणि छायाचित्राची चौकट

मोबाइलमुळे आज प्रत्येक कुटुंबात एक छायाचित्रकार आहे, आणि सहलीहून परतलेल्या प्रत्येकाजवळ पशुपक्ष्यांची चार चित्रे असतात. त्यांचे आपण कौतुक करतो. परंतु कविता वा कथा पारखावी तशी ही चित्रे पारखत नाही. तसा प्रयत्न म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळासच्या किनाऱ्यावर टिपल्या जाणाऱ्या एका चित्राचा येथे विचार करू.

हे चित्र सर्वपरिचित आहे. ऑलिव्ह रिडले कासवाचे तळहातात मावणारे पिलू, भोवती ओली नितळ वाळू, पुढे धूसर लाट आणि मावळतीची तिरपी किरणे. कॅमेरा वाळूलगत टेकवलेला असल्याने इवलासा जीव भव्य भासतो. ही रचना खरोखर चांगली आहे. पाहणारा वरून न्याहाळत नाही, तो पिलाच्या पातळीवर उतरतो. या दृष्टीत एक नम्रता आहे, आणि तिचे श्रेय चित्रकाराला दिलेच पाहिजे.

मात्र हे चित्र एक अर्धसत्यही सांगते. या वाळूवर माणूस नाही, असे ते सुचविते. वस्तुस्थिती निराळी आहे. मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करून शंभरएक अंडी घालते, ती वाळूने झाकते आणि समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्हेकुत्रे उकरीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने येथे संरक्षणाचे काम आरंभिले. पहाटे किनारा पायी तुडवायचा, मादीच्या खुणांवरून घरटे शोधायचे, अंडी कुंपणातील वाळूत हलवायची आणि सुमारे पन्नास दिवस राखण करायची, असे हे काम. पिले बाहेर आली की ती सकाळ-संध्याकाळी पाण्याच्या दिशेने सोडली जातात. चित्रातील निर्जन वाळू अशी माणसांच्या कष्टांतून सिद्ध झालेली आहे. कुंपण, टोपली आणि प्रेक्षकांना रोखणारी दोरी चौकटीबाहेर राहते, आणि जे घडले त्याचा निम्मा अर्थही त्यांच्याबरोबर बाहेर राहतो.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. पिलू उजेडाच्या रोखाने चालते. समुद्रावरचे उजळ क्षितिज हीच त्याची वाट. फ्लॅश वा विजेरीचा झोत त्याला चुकवू शकतो. म्हणून येथे सौंदर्याचा आणि नीतीचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. चित्र उजळ आहे एवढे म्हणून समीक्षकाला थांबता येणार नाही. हा उजेड कोठून आला, हेही त्याने विचारले पाहिजे.

ईयोबाच्या पुस्तकात परमेश्वर त्या दुःखी माणसाला रानटी जनावरे आणि पक्षी दाखवितो. त्यांत वाळूत अंडी टाकून जाणारी शहामृगीही आहे. ही माणसाच्या उपयोगाची यादी नव्हे. देवाची दृष्टी आपल्या गरजांपेक्षा विशाल आहे, हे ईयोबाला तेथे उमगते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच विचार मांडला: प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे. चित्राचा कसही येथेच लागतो. प्राणी आपल्या पराक्रमाचे साधन झाला, की चित्र कितीही रेखीव असले तरी ते शिकारीच्या भिंतीवरील मुंडक्याच्या जातीचे होते.

याउलट, वेळासची जी चित्रे मनात घर करतात, त्यांत टोपलीची कड असते, एखादे वाळूने माखलेले पाऊल असते, दोरीमागे थांबलेली मुले असतात. ती कमी देखणी असतील, पण अधिक खरी आहेत. हाच निकष वसईच्या मिठागरात टिपलेल्या शेकाट्याच्या चित्रालाही लावावा. धर्मग्रामातील छायाचित्रस्पर्धेच्या परीक्षकांनी ‘किती जवळून टिपले?’ याऐवजी ‘कोठे थांबून टिपले?’ असे विचारावे. बक्षीस कोणास द्यावे, हे त्या उत्तरावरून ठरविता येईल.