'मोमेंट.जेएस'मधील मराठी कालवाचक रूपे : एक परीक्षण

तारीख व वेळ यांविषयीच्या आज्ञा प्रत्येक प्रोग्रॅमरास नव्याने लिहाव्या लागू नयेत म्हणून तयार आज्ञावलींचे जे संग्रह असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेसाठी २०११ साली प्रसिद्ध झालेली 'मोमेंट.जेएस' ही अशीच एक लायब्ररी होय. तिच्यात नव्या सोयी न घालण्याचे तिच्या कर्त्यांनी २०२० साली जाहीर केले. तथापि तिच्यावर उभारलेल्या अनेक संकेतस्थळांत ती आजही वापरात आहे. तीत शंभराहून अधिक भाषांच्या फायली असून त्यांत मराठीचीही एक आहे. ही छोटी फाईल म्हणजे वस्तुतः मराठी व्याकरणाचे एक प्रकरणच असल्यामुळे तिचे परीक्षण व्याकरणाच्या कसोटीवर होणे उचित ठरेल.

प्रत्येक भाषेकडून ही लायब्ररी दोन गोष्टींची अपेक्षा करते : अवधीची नावे, आणि ती नावे ज्यांत बसवावयाची ते भूतकाळाचे व भविष्यकाळाचे साचे. इंग्रजीत अवधीचे नाव साच्यात बसताना बदलत नाही. मराठीत मात्र 'एक महिना' हे रूप 'पूर्वी'शी तसेच जोडल्यास 'एक महिनापूर्वी' असा अशुद्ध प्रयोग निष्पन्न होईल. मराठी फायलीच्या कर्त्यांनी ही अडचण नेमकी ओळखलेली दिसते. त्यांनी स्वतंत्र प्रयोगासाठी 'एक महिना', 'पाच तास' ही रूपे दिली आणि साच्यासाठी 'एका महिन्या-', 'पाच तासां-' ही सामान्यरूपे निराळी नोंदविली. नामाबरोबर 'एक' या विशेषणाचेही 'एका' होते, हेही त्यांच्या ध्यानातून सुटले नाही. हिंदी फायलीत मात्र 'एक महीने' हे एकच रूप दोन्ही ठिकाणी योजलेले आहे. या बाबतीत मराठी फाईल निश्चितच सरस ठरते.

भविष्यकाळाच्या साच्याविषयी असे म्हणता येत नाही. तेथे 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय घेतले आहे. 'गाडी पाच मिनिटांमध्ये येईल' या वाक्यातून पाच मिनिटे संपण्याच्या आत गाडी येईल, असा बोध होतो. म्हणजे 'मध्ये' हे अवधीची मर्यादा सांगते. लायब्ररीला अभिप्रेत असलेला अर्थ मात्र पाच मिनिटे लोटल्यावर, असा आहे. इंग्रजीतील एकच अव्यय हे दोन्ही अर्थ वाहते, मराठी ते वेगळे ठेवते. 'परीक्षा : २ तासांमध्ये' अशी सूचना वाचणाऱ्या विद्यार्थ्यास परीक्षेला दोन तास अवकाश आहे, की ती दोन तासांत पुरी करावयाची आहे, हे उमगणार नाही. येथे रूप शुद्ध आहे. अर्थ ढळला आहे.

यावर 'पाच मिनिटांनी' हा स्वाभाविक पर्याय सुचतो. परंतु त्याचे एकवचन 'एका मिनिटाने' असे होत असल्यामुळे एकाच साच्यात दोन्ही वचने बसत नाहीत. 'नंतर' हे अव्यय घेतल्यास 'एका मिनिटानंतर', 'पाच मिनिटांनंतर' अशी दोन्ही रूपे निर्दोष साधतात, आणि आधीच नोंदविलेली सामान्यरूपे तशीच उपयोगी पडतात.

दिवसाच्या विभागणीतही असाच एक दोष आहे. मध्यरात्रीपासून सहा वाजेपर्यंतच्या काळास ही फाईल सरसकट 'पहाटे' म्हणते. परिणामी मराठी माणूस ज्या वेळेस 'रात्री साडेबारा' म्हणतो, ती येथे 'पहाटे १२:३०' अशी उमटते. मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंस 'रात्री' हाच शब्द ठेवल्यास लिहिलेली वेळ पुन्हा वाचताना संगणकाचा गोंधळ होईल, असा बचाव संभवतो. पण याच लायब्ररीच्या हिंदी फायलीत चार वाजण्यापूर्वीचा काळ 'रात' असाच आहे, आणि तास चारपेक्षा कमी आहे की नाही हे पाहून अर्थाचा निर्णय केलेला आहे. तेव्हा अडचण तंत्राची नाही.

तात्पर्य, या फायलीत रूपविचार काळजीपूर्वक झालेला असून अर्थविचार अपुरा राहिला आहे. शब्दांच्या याद्या तपासून असे दोष हाती लागत नाहीत. साच्यातून निघणारे प्रत्येक वाक्य पूर्ण संदर्भात वाचून पाहावे लागते. इतर लायब्रऱ्यांतील मराठी फायलींचीही अशीच तपासणी होणे अगत्याचे आहे, आणि ते काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे.