रंगीत तालमीचे तिकीट : अपुऱ्या अवस्थेत प्रकाशित होणारे ऑनलाइन बहुखेळाडू खेळ

प्रस्तावना

नाटकाच्या रंगीत तालमीला निवडक निमंत्रित बसतात. तिला तिकीट लावले जात नाही. तालमीत एखाद्या पात्राचा प्रवेश चुकला किंवा प्रकाशयोजना फसली, तर ती उणीव त्या निमंत्रितांपुरतीच राहते. तिकीट काढून आलेला प्रेक्षक मात्र प्रयोग पाहावयास आलेला असतो आणि रंगमंचावर जे घडते त्याचेच मूल्यमापन तो करतो. तालीम आणि प्रयोग यांतील हा भेद ऑनलाइन बहुखेळाडू खेळांच्या व्यवसायात सातत्याने पुसला गेला आहे. तो का पुसला गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने 'फायनल फँटसी फोर्टीन' या जपानी खेळाच्या आधारे केला आहे.

या प्रकारच्या खेळात कंपनीच्या सर्व्हरवर एक काल्पनिक जग उभारलेले असते आणि हजारो खेळाडू एकाच वेळी त्यात वावरतात. अनेक खेळांत आरंभीच्या किमतीखेरीज मासिक वर्गणीही भरावी लागते. म्हणजे येथे ग्राहक केवळ वस्तू घेत नाही. तो एका वस्तीचा रहिवासी होतो.

अपूर्णतेचा बचाव

अपुरा खेळ प्रकाशित करण्याचे समर्थन दोन प्रकारे केले जाते. पहिला मुद्दा असा की, खऱ्या गर्दीशिवाय अशा खेळाची परीक्षाच होऊ शकत नाही. दुसरा असा की, हे खेळ कधीच 'पूर्ण' होत नाहीत. वर्षानुवर्षे त्यांत भर पडत राहते. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे.

क्रमशः वाढणे आणि अर्धवट असणे या भिन्न गोष्टी आहेत. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी पुस्तकरूप घेण्यापूर्वी 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. कथा पुढे चालू राहणार, हे वाचकास ठाऊक होते. पण हाती आलेले प्रकरण वाचण्याजोगे असे. पुढील अंकाच्या भरवशावर चालू अंकातील वाक्ये गाळलेली नसत. वाढत्या कलाकृतीचा प्रत्येक टप्पा आपल्यापुरता सिद्ध असावा लागतो, ही अपेक्षा ऑनलाइन खेळासही लागू पडते.

एका अपयशाची चिकित्सा

स्क्वेअर एनिक्स या कंपनीने 'फायनल फँटसी फोर्टीन' ३० सप्टेंबर २०१० रोजी प्रकाशित केला. अल्पावधीतच त्यावर तीव्र टीका झाली. साध्या आज्ञांसाठीही अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागत. एकाच प्रकारचा भूप्रदेश नकाशावर पुन्हा पुन्हा वापरलेला दिसे. मालाची खरेदी-विक्री करण्याची सोय इतकी गैरसोयीची होती, की हवी ती वस्तू शोधणे हेच एक काम होऊन बसे. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीचे अध्यक्ष योइची वादा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. मासिक वर्गणी स्थगित राहिली आणि खेळाची सूत्रे नाओकी योशिदा यांच्याकडे देण्यात आली.

योशिदा यांनी २०१४ मध्ये खेळनिर्मात्यांच्या परिषदेत या अपयशाची जी कारणमीमांसा केली, ती उद्बोधक आहे. पहिले कारण दृश्य-सौंदर्याचा अतिरेकी ध्यास. खेळातील एका फुलदाणीच्या चित्रणावर खेळाडूच्या पात्राइतकाच तपशील खर्च झाला होता. दुसरे कारण, समकालीन ऑनलाइन खेळांशी निर्मात्यांचा अपुरा परिचय. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे कोणतीही त्रुटी पुढे पॅचद्वारे दुरुस्त करता येईल, ही धारणा. पहिली दोन कारणे एका चमूपुरती मर्यादित आहेत. तिसरे मात्र साऱ्या व्यवसायाची मनोवृत्ती सांगते. दुरुस्ती सुलभ झाली की सिद्धतेची निकड कमी होते. तंत्रज्ञानाने दिलेली सोय अशा रीतीने सबबीत परिवर्तित होते.

११ नोव्हेंबर २०१२ रोजी हा मूळ खेळ बंद करण्यात आला. कथेत आकाशातून कोसळणाऱ्या चंद्राने ते जग उद्ध्वस्त झाल्याचे दाखविण्यात आले आणि २७ ऑगस्ट २०१३ रोजी 'अ रेल्म रीबॉर्न' या नावाने पुनर्रचित खेळ आला. त्याच्याही आरंभी सर्व्हर गर्दीपुढे अपुरे पडले. डिजिटल विक्री काही काळ थांबवावी लागली. परंतु येथेच या उदाहरणाचे खरे मोल आहे. २०१३ मधील अडचण दाराशी झालेल्या गर्दीची होती. २०१० मधील अडचण घराच्या आतली होती. पहिलीचा अंदाज प्रकाशनापूर्वी पूर्णपणे येत नाही, हे मान्य करता येते. दुसरी मात्र मोजक्या परीक्षकांनाही दिसू शकते. गर्दीच्या सबबीखाली रचनेतील उणिवा झाकणे, हा या व्यवसायातील मूळ तर्कदोष होय.

पुनर्जन्म न लाभलेले खेळ

'आधी प्रकाशन, मग दुरुस्ती' या धोरणाचे समर्थक 'फायनल फँटसी फोर्टीन'च्या पुनरुत्थानाकडे बोट दाखवितात. परंतु जवळजवळ तीन वर्षे पुनर्बांधणीचा खर्च सोसणारी कंपनी मागे उभी होती, म्हणून ते शक्य झाले. ज्यांच्याकडे असे पाठबळ नसते त्यांची स्थिती 'व्हॅनगार्ड : सागा ऑफ हीरोज' या अमेरिकन खेळावरून कळते. 'एव्हरक्वेस्ट' या १९९९ च्या गाजलेल्या खेळाच्या प्रमुख शिल्पकारांपैकी ब्रॅड मॅक्वेड यांच्या सिजिल या संस्थेने तो घडविला. निर्मिती सुरू असतानाच प्रकाशक बदलला आणि ३० जानेवारी २००७ रोजी अनेक उणिवांसह खेळ बाजारात आला. त्याच महिन्यात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा पहिला विस्तार प्रकाशित झाला होता. मे २००७ मध्ये सिजिलचा व्यवसाय सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने ताब्यात घेतला आणि बहुसंख्य कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. खेळात पुढे सुधारणा झाल्या, तरी ओसरलेली गर्दी परतली नाही. ३१ जुलै २०१४ रोजी तो बंद पडला.

यावरून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. खेळाची आज्ञावली दुरुस्त करता येते. विस्कटलेली वस्ती दुरुस्त करता येत नाही. आरंभी आलेले खेळाडू हेच अशा जगाचे बांधकाम-साहित्य असते. त्यांचे संघ, त्यांचा व्यापार, नवख्यांना हात देण्याची त्यांची रीत यांतूनच ते जग राहण्याजोगे होते. ते निराश होऊन निघून गेले, तर सुधारलेला खेळही ओस पडलेल्या गावासारखा भासतो. योशिदा यांच्या चमूने पडत्या काळात वर्गणी भरत राहिलेल्या जुन्या खेळाडूंना कायमची सवलत दिली आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत घातली, ती याच ऋणाची कबुली मानता येईल.

समीक्षेचे उत्तरदायित्व

मार्च २०१३ मध्ये स्टीम या विक्रीमंचाने 'अर्ली ॲक्सेस' ही पद्धत सुरू केली. तीत निर्मिती चालू असलेले खेळ तसे स्पष्ट सांगून विकले जातात. तालमीलाच तिकीट लागले, परंतु निदान दारावर 'तालीम' अशी पाटी तरी आली. या पाटीमुळे ग्राहकास निवडीचा अवकाश मिळतो. मात्र ती वर्षानुवर्षे हलली नाही, तर प्रामाणिक सूचनेचेही कायमस्वरूपी कवच होऊ शकते.

अशा स्थितीत समीक्षकाने निकष निश्चित करणे अगत्याचे आहे. पूर्ण किंमत घेऊन प्रकाशित झालेल्या खेळाचे परीक्षण त्या दिवशीच्या स्वरूपावरून व्हावे. दिलेल्या आश्वासनांवरून नव्हे. सुधारणा झाल्यास नवे परीक्षण अवश्य लिहावे, पण जुने पुसू नये, कारण ज्यांनी आरंभी पैसे मोजले त्यांचा अनुभव तेथेच नोंदलेला असतो.

समारोप

ऑनलाइन खेळ वाढत राहणे हा त्यांचा धर्म आहे. तो दोष नव्हे. दोष आहे तो वाढीच्या नावाखाली सिद्धतेची जबाबदारी ग्राहकावर ढकलण्याचा. 'फायनल फँटसी फोर्टीन' सावरला, याचे श्रेय अपुऱ्या प्रकाशनास देता येत नाही. अपुरेपण मान्य करून तो मोडून नव्याने बांधण्याच्या धैर्यास ते द्यावे लागते. तेच धैर्य प्रकाशनाची तारीख पुढे ढकलण्यात दाखविले असते, तर ते पुष्कळच स्वस्तात पडले असते.